रेघ आणि फुली

कर्जतला बसस्थानकाच्या पाठीमागच्या रस्त्यावर मेहताब शेख यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. वर पत्रा, मागे राहतं घर, पुढे सिमेंटचा ओटा आणि ओट्यावर कायम चार-सहा मोटरी मांडलेल्या. कुणाची विहिरीवरची, कुणाची कडबाकुट्टीची, कुणाची पिठाच्या गिरणीची. दुकानाला पाटी आहे, पण ती वाचून कुणी येत नाही. ‘काठीवाल्या मेहताबभाईकडं ने’ एवढं सांगितलं की मोटर बरोबर या ओट्यावर पोचते.

काठी बाभळीची, हातभर लांब. एक टोक मोटरच्या बेअरिंगपाशी टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. मोटर चालू करायची, डोळे मिटायचे आणि पोटातला आवाज ऐकायचा. चाळीस वर्षांत कानाकडचं टोक घासून घासून इतकं गुळगुळीत झालंय, की नव्या माणसाला वाटावं त्याला पॉलिश केलंय. ऐकून झालं की मेहताबभाई खिशातून खडू काढायचे आणि मोटरच्या पाठीवर खूण करायचे. तिरकी रेघ म्हणजे बेअरिंग ठीक. फुली म्हणजे बेअरिंग जायला लागलंय, उघडावं लागेल. रेघ मिळालेली मोटर उघडायची नाही. स्टार्टर, कपॅसिटर, वायर, काय असेल ते बघून परत द्यायची. जळालेली मोटर नाकालाच कळते, तिला काठी लागत नाही.

ही रीत त्यांच्या उस्तादांची. मुजफ्फर उस्तादांचं दुकान नगरला होतं. सातवीनंतर मेहताब तिथंच शिकले. उस्तादांचे नियम दोनच. खूण करायची ती मोटर उघडण्याआधी, आणि एकदा केलेली खूण पुसायची नाही. चुकलास तर चुकीची खूण घेऊनच मोटर गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ दे, पुढच्या वेळी कान नीट लावशील, असं ते म्हणायचे. उस्ताद जाऊन वीस वर्षं झाली. मेहताबभाईंनी खूण कधी पुसली नाही. पुसायची वेळच फारशी आली नाही.

त्यांना एकच मुलगी, अल्मास. लहानपणी ती याच ओट्यावर तांब्याच्या तारेच्या तुकड्यांची माळ करून खेळायची. पुढे नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलला गेली आणि होस्टेलवर राहायला लागली. शनिवारी दुपारच्या एसटीने मिरजगाववरून घरी यायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायची. शेवटच्या वर्षाला तिच्या वर्गातल्या मुलांनी चार-चार जणांचे गट करून प्रकल्प घेतले. काहींनी तर तयारच आणले. अल्मासनं प्रकल्प बघणाऱ्या दिशा मॅडमना जाऊन सांगितलं, की मला एकटीला काम करायचंय आणि विषयही माझाच आहे. स्वस्तातला एक सेन्सर मोटरला चिकटवायचा आणि बेअरिंग जाम होण्याच्या कितीतरी आधी, नुसत्या कंपनांवरून ते ओळखता येतं का हे शोधायचं. शेतकऱ्याची मोटर ऐन पाण्याच्या वेळी बंद पडते, ते आधी कळलं तर.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. तुझं यंत्र बरोबर सांगतं की चूक, हे ठरवणार कोण?

‘माझे वडील,’ अल्मास म्हणाली.

परवानगीसाठी तिनं जो कागद छापून दिला, त्याची एक प्रत तिनं घरी आणली होती. मेहताबभाईंना इंग्रजी येत होतं ते मोटरच्या पाटीपुरतं, व्होल्ट, फेज, हॉर्सपॉवर. पण त्या कागदावर स्वतःचं नाव त्यांनी शोधून काढलं. नावाच्या पुढे काय लिहिलंय म्हणून विचारलं, तर मुलगी म्हणाली, तज्ज्ञ. त्यांनी कागद पाना-पकडीच्या कप्प्यात ठेवला नाही. बेअरिंगच्या नव्या पुड्यांखाली, जिथं तेलाचा हात लागत नाही तिथं ठेवला.

ऑगस्टपासून काम सुरू झालं. आठवडाभर आलेल्या मोटरींपैकी ज्यांची घाई नसेल त्या ते शनिवारपर्यंत थांबवून ठेवायचे. अल्मास आली की हातपाय धुऊन सरळ ओट्यावर. मोटरला पिवळा नंबर चिकटवायची, बोटाच्या पेराएवढा सेन्सर लोहचुंबकानं बसवायची, लॅपटॉप मांडीवर घ्यायची. तिचं झालं की ते काठी लावायचे. दोघांनी एकमेकांचं उत्तर आधी बघायचं नाही, असा तिचा नियम होता. त्यांना तो फार आवडला. उस्तादांना आवडला असता, असं ते बायकोला म्हणाले. ओळखीची गिऱ्हाइकं हे बघायला मुद्दाम थांबायची. आज बाप जिंकला का लेक, असं विचारायची.

बहुतेक वेळा दोघांचं एकच यायचं. पण मधूनच एखाद्या मोटरला अल्मासचं यंत्र सांगायचं की बेअरिंग जायला लागलंय, आणि मेहताबभाईंची खूण असायची तिरकी रेघ. अल्मास ते वहीत लिहायची, थोडा वेळ पेन्सिल चावायची आणि सेन्सर पुसून पुन्हा लावायची. मेहताबभाई तेव्हा दुसऱ्या मोटरकडं वळायचे.

कारण त्यांना ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी जेवताना ते म्हणाले होते, औषधं फवारून फवारून लोकांनी रातकिडेसुद्धा संपवले. बायको घास हातात धरून त्यांच्याकडं बघत राहिली. मागच्या गटाराकडं रातकिडे नुसते किरकिरत होते. त्या बघण्यावरून त्यांना कळलं. नंतर एकेक गोष्ट ध्यानात येत गेली. मोबाईल खिशात थरथरला की कळायचा, वाजलेला कळायचा नाही. कुकरची शिट्टी यायची, पण लांबून, घोंगडं पांघरल्यासारखी. मोटरीची घरघर, खडखड, धडधड, सगळं पूर्वीसारखं यायचं. फक्त बेअरिंगला नुकती कुठं चीर पडत असते तेव्हाची ती सुईसारखी बारीक शीळ, ती गेली होती. आणि सगळी करामत त्या शिळेतच होती. खडखड तर शेजारच्या पानवाल्यालाही ऐकू येते.

मग ते अंदाज करायला लागले. मोटर किती जुनी, शाफ्टपाशी ग्रीस कसं काळवंडलंय, गिऱ्हाईक बोलताना कसं बघतंय, बोट ठेवल्यावर हाताला काय लागतंय. एवढ्यावर दहात नऊ वेळा बरोबर यायचं. दहावी मोटर रेघ घेऊन जायची.

नोव्हेंबरात एका मंगळवारी भीमाबाईंची मोटर परत आली. थेरवडीकडच्या रस्त्याला त्यांची पिठाची गिरणी. टेम्पोतून मोटर उतरवून घेतली तेव्हा तिच्यावर पिठाचा थर होता आणि त्याखाली पिवळा नंबर, सदतीस. नंबराशेजारी त्यांच्या हातची तिरकी रेघ.

भीमाबाई ओट्यावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, ‘मेहताबभाई, तुमी म्हनला हुता लई ठीक हाय. सकाळी दळण निम्म्यात आसताना आसा आवाज केला तिनं, का बाया पीठ टाकून पळाल्या.’

त्यांनी मोटर उघडली. बेअरिंग तापून निळं पडलं होतं, आतल्या गोळ्यांचा चुरा झाला होता. हे काही एका दिवसात होत नाही. त्यांनी नवं बसवलं, पैसे घेतले नाहीत. आणि मोटर टेम्पोत चढवायच्या आधी खिशातून खडू काढला. तिरक्या रेघेवर उलटी दुसरी रेघ ओढली की फुली होते. त्यांनी ती ओढली. पुसलं तर काहीच नाही, असं त्यांनी मनाला सांगितलं.

जुनं बेअरिंग मात्र भंगारात टाकवेना. त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा कापला, त्यावर ३७ लिहिलं, तांब्याच्या तारेनं बेअरिंगला बांधलं आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकून डबा फळीवर सारला. फेब्रुवारीपर्यंत त्या डब्यात चार बेअरिंगं झाली. चारही मोटरी आठवड्याच्या मधल्या वारीच परत आल्या होत्या. अल्मासला काही समजायचं कारण नव्हतं.

सांगायचं नव्हतं असं नाही. दर शनिवारी ते ठरवायचे. पण ती यायची ती एसटीतूनच काहीतरी मनाशी जुळवत यायची, जेवताना बोटानं ताटात आलेख काढायची, आणि मधूनच म्हणायची, अब्बा, मॅडम विचारत होत्या की तुम्हाला हे एवढं कळतं कसं. मग त्यांच्या तोंडातलं वाक्य पुन्हा पोटात जायचं.

ईद होऊन पंधरा दिवस झाले असतील. एप्रिलमधल्या एका शनिवारी अल्मास आली ती हसत आली नाही. जेवणं झाल्यावर तिनं वही उघडली आणि सगळं सांगितलं. शहाण्णव मोटरी झाल्या. पंच्याऐंशींमध्ये यंत्र आणि अब्बा एक. अकरांमध्ये वेगळे, आणि अकराही ठिकाणी चूक एकाच बाजूची. अब्बा म्हणतात ठीक, यंत्र म्हणतं खराब. दिशा मॅडमनी सांगितलं होतं, की एक तर या अकरांचं कारण शोध, नाही तर यंत्र नसलेला दोष दाखवतं असं प्रामाणिकपणे लिही. मंगळवारी अहवाल द्यायचा होता.

‘मी कारण लिहिलंय,’ ती म्हणाली. ‘यंत्राची पद्धत बारीक आवाजात फसते. विश्वास ठेवण्यासारखी नाही. तसंच लिहिलंय.’

मेहताबभाईंनी विचारलं, म्हणजे तुझं आठ महिन्यांचं काम?

ती वही मिटत म्हणाली, ‘मग काय करणार? तुम्ही तर चुकत नाही.’

हे ती कौतुकानं म्हणाली नव्हती, की रागानंही नाही. पाणी खाली वाहतं म्हणावं तसं म्हणाली होती. मेहताबभाईंनी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

सकाळी अल्मास ओट्यावर चहा पीत बसली होती, लॅपटॉप शेजारी. ते आत गेले, फळीवरून डबा काढला आणि तिच्यासमोर आणून ठेवला. तिला वाटलं बिस्किटं आहेत. झाकण उघडून ती बघत राहिली.

‘सदतीस, बावन्न, अठ्ठावन्न, चौऱ्याहत्तर,’ ते म्हणाले. ‘परत आल्या होत्या. चारही.’

तिनं वही उघडून बघितलं नाही. ते आकडे तिला पाठ होते. चारही त्या अकरांतले होते. तिनं सदतीस नंबरचं बेअरिंग उचलून बोटानं फिरवलं. ते फिरलं नाही.

‘कधी आल्या?’

‘पहिली नोव्हेंबरात.’

‘आणि मला कुणी सांगितलं नाही.’

‘मला बारीक शीळ ऐकू येत नाही, अल्मास,’ ते म्हणाले. ‘दोन वर्षं झाली. तुझं मशीन बरोबर आहे.’

बोलून ते तिच्या चपलांकडं बघत राहिले. रस्त्यावरून ऊस वाहणारा रिकामा ट्रॅक्टर खडखडत गेला.

‘मी लिहून देणार होते, अब्बा,’ अल्मास शेवटी म्हणाली. ‘माझं काम खोटं आहे म्हणून मी सही करून देणार होते. आणि तुम्ही देऊ दिलं असतं?’

ते म्हणाले, रात्रीपर्यंत दिलं असतं. सकाळी नाही.

ती उठून आत गेली. दार लावलं नाही, पण आपटल्यासारखं पुढं ढकललं. मेहताबभाईंनी तिचा राहिलेला चहा आत नेऊन ठेवावा म्हणून कप उचलला आणि कप हातात घेऊन तसेच बसले. त्यांना वाटलं, ती आता सामान भरून दुपारच्या गाडीनंच जाईल. आत बायकोचा आवाज आला, मग अल्मासचा. शब्द कळले नाहीत. हल्ली दाराआडचे शब्द कळतच नव्हते.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली. हातात मोबाईल आणि होस्टेलवर वापरायचे मोठे हेडफोन. डोळे लाल होते, पण आवाज परीक्षा घेणाऱ्या मास्तरीणबाईंसारखा होता. आत चला, पंखा बंद केलाय, म्हणाली.

तिनं त्यांना खाटेवर बसवलं, टोपी काढून बाजूला ठेवली, हेडफोन कानांवर नीट बसवले. मी एकेक आवाज सोडते, ऐकू आला की बोट वर करा. ‘अंदाज करायचा नाही,’ ती म्हणाली.

पहिला आवाज जाड होता, त्यांनी बोट वर केलं. मग थोडा बारीक. पुन्हा बोट. चार-पाच वेळा झाल्यावर अल्मासनं हात थांबवला आणि त्यांच्याकडं बघत राहिली. आत्ता तिनं काही सोडलंच नव्हतं, आणि तरी बोट वर होतं. ते तिच्या अंगठ्याकडं बघून बोट वर करत होते. गिऱ्हाइकाचं तोंड बघून खूण करायची सवय इथंही आली होती. मेहताबभाई ओशाळून हसले. तीही हसू दाबत म्हणाली, ‘भिंतीकडं तोंड करा.’

ते भिंतीकडं तोंड करून बसले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. पुन्हा पहिल्यापासून. हजार, दोन हजार, तीन हजार. बोट वर, बोट वर, थोडं थांबून बोट वर. मग काहीच नाही. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावरचा पूर्ण महिना त्यांनी वाचून काढला. तरी काही नाही. झालं असावं म्हणून ते वळले.

अल्मास मोबाईल धरून बसली होती आणि तिचा अंगठा अजून दाबलेला होता. तिच्या गालावरून पाणी खाली आलं होतं.

‘संपलं का?’ त्यांनी विचारलं.

‘चालू आहे, अब्बा,’ ती म्हणाली.

मग तिनं नाक ओढलं, वही पुढं ओढली आणि दोन्ही कानांचे आकडे लिहिले. सेकंदाला साडेतीन हजार कंपनांच्या वर अब्बांचा कान बंद होत होता. लॅपटॉपवर तिनं त्या अकरा मोटरींचे आलेख काढले. अकराही ठिकाणी आलेखाचं उंच टोक साडेतीन हजारांच्या पलीकडं होतं. ती किती तरी वेळ त्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत गेला आणि त्या जागी एक वेगळीच उत्सुकता आली. ती मेहताबभाईंनी ओळखली. बंद पडलेल्या मोटरीचं कारण सापडलं की त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर येते तीच ती.

पण सात मोटरी राहिल्या होत्या. त्या परत आल्या नव्हत्या, उघडल्या नव्हत्या. त्या कोण उघडणार?

मेहताबभाईंनी तिच्या हातातून वही घेतली आणि एकेका मालकाला स्वतः फोन लावला. प्रत्येकाला तेच सांगितलं. तुमच्या मोटरला मी रेघ दिली होती, माझा कान चुकला असेल, आणून दाखवा, लागलं तर बेअरिंग मी घालतो. चाळीस वर्षांत असा फोन त्यांनी केला नव्हता. राशीनकडचा गोरक्ष म्हणाला, ‘काठी जुनी झाली आसंल चाचा, नवी घ्या,’ आणि ते म्हणाले, काठी ठणठणीत आहे रे, ती टेकते तो बुडखाच किडलाय.

भीमाबाईंना फोन करायची गरज नव्हती, पण त्यांनी केला. त्यांच्या मोटरवर आपण नंतर दुसरी रेघ ओढली होती, हेही सांगितलं. भीमाबाई म्हणाल्या, आवो, मी ती बघितलीच हुती. म्हनलं मानसाची लाज हाय, ऱ्हाऊ द्या.

अल्मासनं मॅडमकडून चार दिवस मागून घेतले आणि ती घरीच राहिली. गुरुवारपर्यंत सातही मोटरी उघडून झाल्या. सहांच्या बेअरिंगांत बारीक चीर होती. सातवी मोटर, मिरजगावच्या एका कडबाकुट्टीची, तिचं बेअरिंग स्वच्छ निघालं. मेहताबभाईंनी ते उजेडात धरून तीन-तीनदा फिरवलं आणि लेकीच्या हातात दिलं. एक तरी, ते म्हणाले. अल्मासनं यंत्राच्या नावावर ती चूक लिहून घेतली.

अहवाल पुन्हा लिहिताना एका गोष्टीवर त्यांचं बोलणं झालं. अल्मासला वाटत होतं, की आता खरं समजलंच आहे तर तक्त्यात त्या मोटरींसमोर अब्बांचं मत सुधारून टाकावं. कुणाला काय कळणार आहे. मेहताबभाई नाही म्हणाले. मी जी रेघ दिली ती रेघच लिही, ते म्हणाले. एकदा मी ती फुली करून बघितली आहे, रात्री झोप लागत नाही.

म्हणून तक्त्यात अकरा रेघा तशाच राहिल्या. शेवटी वापरलेल्या साधनांची यादी होती. सेन्सर अमुक, त्याची मर्यादा अमुक. लॅपटॉप, केबल. आणि सर्वांत खाली तिनं लिहिलं, कान: मेहताब शेख, वय एकोणसाठ, अनुभव चाळीस वर्षं, मर्यादा साडेतीन हजार कंपनं, त्याखाली विश्वासार्ह. तिनं ते मराठीत वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचायला सांगितले.

दिशा मॅडमनी अहवाल ठेवून घेतला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी अल्मासला बाकी काही फार विचारलं नाही, त्या यादीतल्या शेवटच्या ओळीवर मात्र वीस मिनिटं बोलले. गुण चांगले पडले.

जूनच्या अखेरीस ती नोकरीचे अर्ज करत घरीच होती. तिनं सेन्सर दुकानातच ठेवला होता. मेहताबभाई आता आधी काठी लावतात, खूण करतात, मग सेन्सर चिकटवून मोबाईलवर बघतात. वेगळं आलं तर खूण पुसत नाहीत. शेजारी दुसरी करतात.

एका संध्याकाळी दुकान आवरून बापलेक ओट्यावर बसली होती. दिवेलागण झाली होती, मागं बायको भाकरी थापत होती. मेहताबभाई थोडा वेळ मान वाकडी करून गटाराच्या दिशेनं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, ‘रातकिडे आहेत का गं अजून?’

अल्मासनं ऐकलं. घाईनं उत्तर दिलं नाही, नीट ऐकलं.

‘आहेत, अब्बा. लई आहेत.’

ते हसले. ‘मग फवारणीला उगाच बोललो मी,’ ते म्हणाले, आणि काठी उचलून आत खुंटीला लावायला गेले.